चाळीस टक्क्यांची तालीम

मोरूला तपासणी मंडळासमोर गप्प बसता आलं नाही आणि उर्वीचे सहा महिने पाण्यात गेले. आता या माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा!

मोरू रत्नागिरीजवळच्या भाट्याचा खलाशी. तीस वर्षं लाँचवर काढली. गेल्या शिमग्याच्या तोंडावर जाळं ओढायच्या विंचच्या दोरात उजवा हात सापडला आणि मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. लाँच चालवणारा तांडेल दोनदा दवाखान्यात येऊन हळहळला आणि तिसऱ्या दिवशी दुसरा माणूस घेऊन समुद्रात गेला. मोरू घरी भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. घर चालत होतं त्याच्या बायकोच्या, सोनूच्या, मासळीच्या पाटीवर. आणि सोनूचे गुडघे असे, की डॉक्टरांनी पाटी उचलूच नका म्हणून बजावलं होतं.

उर्वी रत्नागिरीतल्या एका संस्थेत समाजकार्यकर्ती. पदवी घेताना तिला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती: माणसाचं काय गेलं ते मोजत बसू नका, काय शिल्लक आहे ते बघा. पोरगी शिकली तशी वागली, हाच तिचा गुन्हा. दर बुधवारी ती मोरूच्या पडवीत जाऊन बसायची आणि विचारायची, "मोरूकाका, आज काय जमलं?" पहिले दोन महिने नुसत्या शिव्या खाल्ल्या. मग एके दिवशी मोरूने जाळ्याची सुई अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत धरली, दोरा दातात घेतला आणि एक गाठ मारली. घामाघूम झाला, पण मारली. चौथ्या महिन्यात तो शेजारच्या आप्पांची फाटकी जाळी सांधत होता. आप्पा दोन होड्यांचे मालक, कोणाला चांगलं म्हणायची सवय नाही. ते म्हणाले, "दहा बोटांवाल्याला जमत नाय अशी गाठ मारता हा." उर्वीला आभाळ ठेंगणं झालं.

पण जाळी काही रोज फाटत नाहीत. सोनूची पाटी खाली उतरायची तर महिन्याचं सरकारी अर्थसाहाय्य हवं, त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र हवं, आणि त्यावर चाळीस टक्के तरी हवेत.

मंडळातल्या डॉक्टरांनी साधं विचारलं, "या हाताने काय काय करता येतं?"

झालं! मोरूच्या अंगात आलं. टेबलावरच्या फाईलची नाडी त्याने उपसली आणि दातांनी धरून तीन गाठी अशा मारल्या, की डॉक्टर बघत राहिले. "बघा साहेब!" वर हेही. कागदावर पस्तीस टक्के पडले.

"काका, हा काय शिमगा घातलात?" बाहेर आल्यावर उर्वी ओरडलीच.

"तुमीच नाय काय दर बुधवारी इचारायच्यात, आज काय जमला म्हणून?" मोरू भांबावून म्हणाला. "त्यांनी इचारला, मी दाखवला."

डोकं आपटून घ्यावं, तर भिंतही सरकारी.

संस्थेचे उन्मेष सर म्हणाले, "अपील करू. पण या वेळी तयारी करून घे त्याची."

"खोटं बोलायला शिकवू?"

"खोटं कुठे? बोटं गेलीत ना? हात सुन्न पडतो ना? तेवढंच सांगायचं. कर्तबगारी नाही दाखवायची."

मग पडवीत तालीम सुरू झाली. उर्वी झाली डॉक्टर.

"पेला उचलता येतो?"

"येतो की."

"काका!"

"बरा. नाय येत."

"शर्टाची बटणं?"

"सोनू लावता." हेही खोटं होतं. महिनाभर तो स्वतःच लावत होता.

"जाळं सांधता येतं?"

मोरूने हात मांडीवर पालथा घातला. "नाय जमत."

"मोठ्याने."

"नाय जमत, साहेब."

उर्वीला स्वतःची लाज वाटत होती. तरी तिने ते तीनदा म्हणून घेतलं. सोनू दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

दुसऱ्या खेपेला पंचेचाळीस टक्के मिळाले. अर्थसाहाय्य मंजूर झालं, सोनूची पाटी माळ्यावर गेली. सरांनी उर्वीची पाठ थोपटली.

दोन महिन्यांनी उर्वी भाट्याला गेली, तर आप्पा पडवीतून तणतणत बाहेर पडत होते. "सारख्या आपला नाय जमत, नाय जमत! आता मी जाळा घेऊन खंय जाऊ?"

आत मोरू बसला होता, हात मांडीवर पालथा.

"काका, आता कागद झाला. घरात करा की काम," उर्वी म्हणाली.

"कोणी फोटो काढून धाडलान तर? पैसे बंद होतील."

"कोण काढतंय फोटो?"

"ता पण जाऊ दे, ताई." मोरूने मान खाली घातली. "आता खराच नाय जमत. परवा सुई धरलेली. हात थरथरायला लागला, तो थांबेचना."

सोनू स्वयंपाकघरातून आली. तिने त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं लावली, लहान पोराची लावावीत तशी, आणि उर्वीला बाजूला घेतलं.

"ताई, हे पैसे नको म्हणून परत करता येतात काय ओ? मी घेईन पाटी. ह्यांचा हात परत चालला पायजे."

उर्वीने तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. दोन्हींना पट्टे होते, आणि एवढं स्वयंपाकघरातून येतानाही ती भिंत धरून आली होती. ठरवायचं त्या दोघांनी, आपण नाही, हे उर्वीला पुरतं कळत होतं.

"नाही येत, वहिनी," ती म्हणाली.

परत करता येत होते. एका साध्या अर्जाचं काम होतं.