बाटलीला बूड असतं

औषध कारखान्याच्या गणित विभागात सगळे तिला धाकटी म्हणतात. विभागाचा मुख्य तिचा सख्खा मामा, आणि मामाचा प्रोग्रॅम म्हणजे नुसतं कासव! पातळ औषधातली पूड बाटली हलवल्यावर किती वेगानं खाली बसते, एवढंच काढायचं असतं. खाली जाणारा कण सोबत औषधही ओढतो, त्यानं शेजारचे कणही ओढले जातात. मामा प्रत्येक कणाचा प्रत्येक कणाशी हिशोब करणार. सकाळी लावला की संध्याकाळी उत्तर. धाकटीनं काय केलं, जवळचे कण एकेक घेतले आणि लांबच्यांचे घोळके करून एका घोळक्याचा एकच हिशोब! चहा संपायच्या आत उत्तर हजर.

"उद्या दुपारी बैठक. तिथं हे पटलं नाही, तर तू परत लेबलं तपासायला," मामानं बजावलं.

"पटेल रे मामा!"

आणि नेमकी तेव्हाच माशी शिंकली. धाकटीनं प्रोग्रॅममध्ये बाटली मोठी घेतली, औषध तेच, तरी कण जास्त वेगानं खाली. आणखी मोठी घेतली तर दगडासारखे धपाधप!

"घोळके केलेस, घोळ झाला," मामा खूश.

"माझे घोळके चोख आहेत. तुझा प्रोग्रॅम लाव की मोठ्या बाटलीवर."

"आठवडा जाईल, बाई!"

"म्हणजे आजवर कधी लावलाच नाहीस?"

मामा शेवटी तो मधल्या बाटलीवर लावून घरी गेला. सकाळी येऊन बघतो तर काय, त्याचं उत्तर धाकटीसारखंच. तेवढंच चुकलेलं!

मामाचा चेहरा पडला. धाकटीनं मात्र टेबलावरची खरी बाटली उचलली, खळाखळा हलवली, खिडकीपाशी धरली. पूड खाली चालली होती आणि तिच्यामधून औषध वर सरकत होतं.

"मामा! बाटलीला बूड असतं रे!"

"मग?"

"मग आपले कण औषध खाली ओढतात, ते जातं कुठं? परत वर आणलंय कुणी?"

मामानं कपाळावर हात मारला. धाकटीनं एक ओळ घातली: जेवढं खाली, तेवढं वर. लहान, मधली, मोठी, तिन्ही बाटल्या लावल्या. वेग जवळजवळ तोच! आणि हे सगळं बैठकीच्या आधी, चहा गरम असताना.

बैठकीत बाटल्या भरणाऱ्या विभागाच्या बाईंनी विचारलंच, "इतकं झटपट केलेलं पक्कं कशावरून?"

धाकटी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा उठला. "झटपट होतं म्हणून तर मोठी बाटली लावून बघता आली. माझ्या प्रोग्रॅममध्ये हीच चूक कित्येक वर्षं पाय पसरून झोपली होती. यापुढे हिचाच वापरायचा."

"आणि लेबलं कोण तपासणार?" धाकटीनं हळूच विचारलं.

"मी," मामा म्हणाला. "माझा प्रोग्रॅमच बंद, मग मला आता दुसरं काम काय उरलं?"