समोर बसून केलेला अभ्यास

एवढे विषय एका डोक्यात मावायचे नाहीत, असं दोघांनी मिळून ठरवलं, आणि पुढं घोड्यानं पेंड खाल्ली ती तिथंच.

दोघंही नुकतीच डॉक्टर झालेली. डॉक्टर झालं की माणूस सुटला, असं बाहेरच्यांना वाटतं. ज्याच्या घरात कुणी डॉक्टर आहे त्यालाच ठाऊक, की खरी शर्यत त्यानंतर लागते. पुढच्या शिक्षणाची सीट हवी तर पहिल्या वर्षापासूनचं सगळं पुन्हा नरड्याखाली उतरवायचं, आणि भल्यामोठ्या गर्दीत अर्ध्या मार्कानं का होईना, पुढं राहायचं. ही दोघं एकाच इस्पितळात नोकरीला होती. दुपारी ओपीडी संपली की ड्यूटी रूममध्ये पुस्तकं घेऊन बसायची. तो एकदा समजावून सांगायला लागला की थांबायचं नाव घेत नसे, म्हणून सगळं इस्पितळ त्याला मास्तर म्हणायचं. ती अंगानं लहानखुरी. तिला सिस्टर मंडळींनी छोट्या मॅडम करून टाकलं होतं.

वाटणी अशी झाली. औषधं, रोगजंतू, रक्त, लघवी आणि त्यांचे ते कंटाळवाणे रिपोर्ट तिच्याकडे. हाडं, नसा, धमन्या आणि सगळी कापाकापी मास्तरकडे. ज्यानं त्यानं आपला अर्धा भाग वाचायचा आणि दुपारी दुसऱ्याला तोंडी शिकवायचा. दुसऱ्याच्या वाटणीचं पुस्तक मात्र उघडायचं नाही. "उघडलंस तर मी कशाला आहे?" असं मास्तर म्हणायचा. त्यानं ते सहज बोलून टाकलेलं असायचं. ती ते घरी घेऊन जायची आणि पुन्हा पुन्हा ऐकायची, हे त्याला कुठून कळणार.

खोलीत एक लोखंडी पलंग, हात धुवायचं बेसिन, एक टेबल आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. मास्तर पुस्तक मिटून ठेवायचा आणि स्वतःच्याच अंगावर शिकवायचा. फळा नको, चित्र नको.

"हे बघ, आवाजाची नस," गळ्यावर बोट ठेवून तो सांगायचा. "वरून आली. घसा हाताशी आहे, तर सरळ घशात शिरावं ना? नाही. ही इकडची बया खाली छातीत उतरते, मोठ्या धमनीला वळसा घालते आणि मग परत वर येते. तिकडची शहाणी. ती वरच्यावर वळते."

"इतक्या लांब कशाला जाते?"

"तिला विचार. काहींना साधा रस्ता दिसतच नाही."

ती त्याच्याकडे बघत स्वतःच्या गळ्यावरून बोट छातीपर्यंत न्यायची आणि परत आणायची. शिकवताना मास्तरची नजर छताकडे असायची. तिची त्याच्यावर असायची. भुवई कशी वर जाते, शब्द आठवेनासा झाला की ओठांचा कोपरा कसा दुमडतो, हसण्याआधी डोळे कसे बारीक होतात, हे सगळं ती शिकत होती. त्या विषयात परीक्षा असती तर तिच्याआधी कुणाचा नंबर लागला नसता.

परीक्षा झाली. मास्तरला सर्जरीची सीट मिळाली, तीही दूरच्या शहरात, नावाजलेल्या कॉलेजात. तिची थोडक्यात हुकली.

तो निघाला त्या दिवशी इस्पितळाच्या फाटकाशी रिक्षात एक बॅग ठेवून म्हणाला, "पुढच्या वर्षी तूही तिकडंच ये. तुझी औषधं आणि माझी कापाकापी, अख्खं इस्पितळ चालवू." रिक्षावाला घाई करत होता. तिला बरंच काही बोलायचं होतं. ती म्हणाली, "पोहोचलास की कळव." त्यानं कळवलं. पुढं कळवणं विरळ होत गेलं, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. सर्जरीच्या पहिल्या वर्षाला माणूस जेवतो कधी हे त्यालाही सांगता येत नाही.

इकडं तिच्या घरी थोरल्या भावाचं औषधांचं दुकान होतं. त्यानं शांतपणे सांगितलं, "अजून एक वर्ष कर. नाही झालं तर शेजारचा गाळा घेऊ, तुझी पाटी लावू. साध्या तापा-खोकल्याचे डॉक्टर काय उपाशी मरतात?" तो वाईट बोलला नव्हता. पण त्या गाळ्याकडे ती बघायचंच टाळायची. पाटी एकदा लागली की ती उतरत नाही, आणि मग ते दूरचं शहर कायमचं दूर राहील, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून तिनं कंबर कसली. आता दोन्ही अर्धे तिचेच होते. स्वतःच्या अर्ध्यावर तिचा हात बसलेला होता. मास्तरच्या अर्ध्याचं पुस्तक मात्र उघडलं की दोन ओळींत तिला परकं वाटायला लागायचं. छापील नस ही नुसती नस होती. तिला कुणी बया म्हणत नव्हतं. मग ती पुस्तक मिटायची, रिकाम्या खुर्चीवर मास्तरला आणून बसवायची आणि त्याच्याकडून शिकायची. तो यायचा, बसायचा, छताकडे बघून सांगायला लागायचा. दुपारची ती वेळ बरी जायची. खरं म्हणजे दिवसात तेवढीच बरी जायची.

सराव पेपर मात्र वेगळंच बोलत होते. तिचा अर्धा ठणठणीत, मास्तरचा अर्धा आजारी. जे अगदी तोंडपाठ, तेच चुकायचं. आपल्या डोक्यातच काही कमी आहे अशा निष्कर्षाला ती येऊन ठेपली. आईला म्हणालीसुद्धा, "मला नाही जमायचं गं हे." आईनं तिच्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं आणि विषय बदलला.

त्या आठवड्यात एकदा मोठ्या सिस्टर एका कागदावर सही घ्यायला ड्यूटी रूममध्ये आल्या. नोकरीत मुरलेली बाई, कुणाची भीड न ठेवणारी. छोट्या मॅडम पेपर सोडवत होत्या आणि प्रत्येक प्रश्नाला स्वतःच्या अंगावर इथं-तिथं बोट ठेवत होत्या. सिस्टर जरा वेळ बघत राहिल्या.

"मॅडम, कुणाची नक्कल चाललीय?"

"कसली नक्कल? अभ्यास करतेय."

"समोर कुणी बसल्यासारखे हात करताय म्हणून विचारलं. माझी नात माझ्यासमोर बसून विणायला शिकली, तिचं पण असंच झालं. मी उजव्या हातानं विणते, तिनं बघून बघून सगळं डाव्या हातानं उचललं. आता तिला बाजूला घेऊन बसते. सही करा बघू."

तिनं सही केली. सिस्टर गेल्या. मग तिनं तपासलेले पेपर काढले आणि चुकलेल्या प्रश्नांवरून बोट फिरवायला लागली. डावी नस की उजवी. कुठली शीर कुणाला मिळते, डाव्या बाजूला की उजव्या. सगळी उत्तरं बरोबर होती, फक्त बाजू उलटी होती. अ‍ॅनाटॉमी म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असं ती वर्षभर सांगत फिरली होती. कुठला हात डावा, एवढाच काय तो घोळ होता.

मास्तर चुकला नव्हता. तो स्वतःच्या अंगावर दाखवायचा आणि 'इकडची', 'तिकडची' म्हणायचा. ती समोर बसून आरशात बघितल्यासारखं उचलायची. आता डॉक्टरनं अशी चूक करावी म्हणजे हद्द झाली. पेशंट समोर असला की त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे पोरं पहिल्या वर्षी शिकतात. पेशंटच्या बाबतीत तिची ही चूक कधी झाली नाही. पण मास्तर पेशंट नव्हता. तिचा त्याच्यावर जीव होता, आणि जीव असलेल्या माणसाकडे कुणी नकाशा बघावा तसं बघत नाही. ती टेबलावर डोकं टेकून एकटीच हसली आणि मग तिला रडू आलं.

रविवारी दुपारी तिनं फोन लावला. बऱ्याच प्रयत्नांनी लागला. तिनं सगळं सांगितलं, म्हणजे सांगण्यासारखं तेवढं सांगितलं.

"सगळंच उलटं?" मास्तरला हसू आवरेना.

"तू जे जे दाखवलंस ते."

"धन्य आहे. अगं, मी कुठं बोट ठेवतो ते बघत होतीस ना?"

"बघत होते."

ती थांबली. तो पुढचं विचारेल, असं तिला वाटलं. त्यानं नाही विचारलं.

"मग पुस्तकातून नव्यानं पाठ कर."

"केलं. घड्याळ लावून पेपर सोडवायला घेतला की पुस्तक आठवतच नाही. तूच आठवतोस."

"मग सोपंय. मला फिरव."

"म्हणजे?"

"डोक्यात मी समोर बसलोय ना? खुर्ची फिरव. पाठमोरा बसव मला. मग माझं डावं ते तुझं डावं. चार दिवसांत सवय होईल. चल, वॉर्डात बोलावतायत."

उपाय शंभर टक्के बरोबर होता. मास्तर शेवटी मास्तर.

पण तो फिरेना. ती त्याला पाठमोरा बसवायची आणि पहिल्याच वाक्याला तो वळून तिच्याकडे तोंड करायचा. मग ती पेपर चुकायची. कधी कधी तीच त्याला वळू द्यायची. एवढा एक प्रश्न जाऊ दे, म्हणायची. भाऊ एकदा सहज बोलला, की गाळ्याच्या मालकाला पुढच्या महिन्यात उत्तर द्यायचंय. त्या दुपारी तिनं दात-ओठ खाऊन खुर्ची फिरवली आणि तो वळायला लागला की पुन्हा फिरवली. हळूहळू मास्तर बसायला शिकला. मान दिसायची, कान दिसायचे, शर्टाची कॉलर दिसायची. डावा हात डावीकडे, उजवा उजवीकडे. आवाज तोच होता. मार्क वाढायला लागले. "गाडी रुळावर आली," भाऊ म्हणाला, आणि तो मनापासून खूश होता.

परीक्षेच्या हॉलमध्ये ओळीनं कॉम्प्युटर मांडलेले, प्रत्येकापुढं एक जीव टांगणीला लागलेला माणूस. मास्तरच्या अर्ध्यातला पहिला प्रश्न आला तेव्हा ती मनात म्हणाली, वळ. तो वळला. दुसऱ्याला म्हणाली, वळ. पुढं पुढं सांगावंच लागलं नाही. प्रश्न दिसायच्या आत तो पाठ करून बसलेला असायचा. तिनं भराभर उत्तरं दिली. एकाही ठिकाणी बाजू चुकली नाही, हे तिला तिथंच कळलं. पेपर संपला, थोडा वेळ हातात उरला. आता काम झालं होतं. ती मनात म्हणाली, आता बघ इकडं. तो बोलत राहिला, कॉलरवरची मान जराशी हलली, पण तो वळला नाही. दमलेय म्हणून असं होत असेल, अशी तिनं समजूत काढली.

निकाल लागला आणि घर डोक्यावर घेतलं गेलं. भावानं गाळ्याच्या मालकाला नाही म्हणून सांगितलं आणि दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, त्यानं खोकल्याचं औषध मागितलं असो की मलमपट्टी, बहिणीचा रँक ऐकवला. तिनं गच्चीवर जाऊन फोनातले मास्तरचे फोटो काढून बघितले. छान हसरे फोटो होते. पण फोटोतला माणूस कॅमेऱ्याकडे बघत होता. टेबलापलीकडून छताकडे बघणारा, शब्द आठवताना ओठ दुमडणारा तो हा नव्हता. तिनं फोटो बंद केले आणि त्याला फोन लावला. या वेळी पहिल्याच झटक्याला लागला.

"अरे वा! रँक बघितला मी. मग, फिरवलंस का मला?"

"फिरवलं."

"बघ. म्हटलं नव्हतं, सोपंय."

"तुझ्या कॉलेजात मिळतेय सीट," ती म्हणाली. एवढं वाक्य म्हणायला तिला अख्खं वर्ष लागलं होतं.

"उत्तम. पण नीट चौकशी कर हं. तुझ्या विषयाचा विभाग इथं यथातथाच आहे. दुसरीकडे चांगलं मिळत असेल तर तिकडे घे. उगाच माझ्याकडे बघून ठरवू नकोस."

तिनं कठड्यावर हात ठेवला. खाली भाऊ दुकानातून आणखी कुणाला तरी रँक सांगत होता.

"तुझ्याकडे आता कुठं बघायला मिळतंय," ती म्हणाली. "तू पाठमोराच बसलेला असतोस."

मास्तर मोठ्यानं हसला. त्याला तो विनोद फारच आवडला. ती फोन कानाला घट्ट लावून ऐकत राहिली आणि हसताना त्याचा चेहरा कसा व्हायचा ते आठवायला लागली. आठवेना. पलीकडे तो अजून हसत होता.