कायमचा पत्ता

कॅझने बुटांचा खोका कोरीनच्या टेबलावर उपडा केला, आणि त्यातलं पहिलंच बिल घसरत जाऊन तिच्या कॉफीच्या कपात पडलं.

"दाढ काढली," तो अभिमानाने म्हणाला. "फ्लोरिडात."

कोरीनने बिल दोन बोटांत धरून झटकलं आणि वाळायला हीटरवर टाकलं. मार्च महिना तिला दरवर्षी असाच जायचा. त्यांच्या चर्चच्या पॅरिशमधल्या, म्हणजे वस्तीतल्या, अर्ध्या लोकांचे टॅक्स रिटर्न तीच भरून द्यायची, आणि लोक आपापल्या आयुष्याचा कचरा खोक्यात भरून तिच्यापुढे ओतायचे. पण दुखऱ्या दाढेसकट बाराशे मैलांवर जाऊन ती पुराव्यासाठी तिथे काढून घेणारा कॅझिमिर ड्युडेक हा एकटाच.

"दाढ इथे दुखायला लागली होती," बर्नाडेट म्हणाली. ती कोट न काढताच बसली होती. "ख्रिसमसच्या आधी. याने गाल धरून गाडी चालवली. तीन राज्यं ओलांडेपर्यंत मी त्याचं कण्हणं ऐकत होते."

"बर्नी, पुरावा आहे तो."

"दाढेचा?"

"मी कुठला, त्याचा."

कॅझ कुठला, हा प्रश्न गेली दोन वर्षं ड्युडेकांच्या घरात ठाण मांडून बसला होता. तो जन्मला बफेलोत, कारखान्यात राबला बफेलोत, आणि त्याच्या पेन्शनमधून न्यूयॉर्क राज्य दरवर्षी आपला वाटा कापून घेत होतं. फ्लोरिडात असा राज्याचा कर नाही, हे त्याला निवृत्तीच्या पार्टीत कोणीतरी सांगितलं आणि बर्नीच्या संसारात माशी शिंकली. तिकडे जाळीच्या व्हरांड्याचं एक छोटं घर घेतलं. मग कॅझने जाहीर केलं की आपण आता न्यूयॉर्कचे रहिवासी नाही. आपण इथे पाहुणे. शिवाय कंबरेला हात लावून शपथ घेतली, की या जन्मात पुन्हा बर्फाचं फावडं हातात धरणार नाही.

"नुसतं घर घेऊन भागत नाही, हे मी गेल्या वर्षीच सांगितलं होतं," कोरीन म्हणाली. ती शाळेत बर्नीच्या मागच्या वर्गात होती, त्यामुळे दोघांनाही हक्काने दटावायची. "राज्य विचारतं, तुझा जीव ज्यात अडकलाय ते कुठे ठेवलंस? तपासायला आले की ते हेच बघतात. कुत्रा कुठे आहे, घरातले फोटो कुठे आहेत."

"सगळं तिकडे!" कॅझ एकेक बोट दुमडत मोजायला लागला. "मतदार यादीत नाव तिकडे. वाहन परवाना तिकडचा. डॉक्टर तिकडचा. अकॉर्डियन तिकडे नेलं. लग्नाचा फोटो तिकडे. आणि हा बघ!"

त्याने टेबलाखाली वाकून डचला पुढे ओढलं. डच म्हातारा झाला होता. अंगभर दाट केस, त्यामुळे फ्लोरिडात दिवसभर न्हाणीघराच्या फरशीवर पोट टेकून पडायचा. त्याच्या पट्ट्याला तिकडच्या परवान्याचा बिल्ला लटकत होता. कोरीनने बिल्ला वाचला. डचने तिचा हात चाटला.

"वा. कुत्राही अनिवासी," ती म्हणाली.

बर्नीला हसू आलं नाही. लग्नाच्या फोटोच्या जागी स्वयंपाकघराच्या भिंतीवर आता फिकट चौकोन उरला होता. चहा करताना रोज तिची नजर तिथे जायची. फोटो हवा म्हणून नेला असता तर तिने एका शब्दाने विचारलं नसतं. पण याने तो नेला तपासनिसाला दाखवायला, आणि नेताना वर्तमानपत्रात गुंडाळून टूलबॉक्समध्ये टाकला. त्या वेळी ती चिडली आणि गप्प बसली. गप्प बसून बसून आता तिचा जबडा दुखायला लागला होता.

"चर्च?" कोरीनने विचारलं.

"तिकडे नाव घातलंय. पाद्री बरा आहे. भराभर आटोपतो."

"मग झालं तर. आता मी..."

"थांब, खरी गंमत पुढेच आहे." कॅझने कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "तो किस्सा आठवतो? तुझं एक गिऱ्हाईक होतं, त्याची दफनाची जागा इथलीच होती, आणि तपासनीस त्याला म्हणाला..."

"'साहेब, मेल्यावर परत इथेच यायचंय, म्हणजे तुम्ही गेलात कुठे?'" कोरीनने वाक्य पुरं केलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मध्येच थांबलं. "कॅझ, तो मी विनोद म्हणून सांगितला होता."

"मी तो मनावर घेतला. विकली."

"काय विकलं?" बर्नीने विचारलं.

"माझी जागा. आपल्या दफनभूमीतली. ऑफिसात जाऊन रीतसर नाव बदलून दिलं." त्याने घाईघाईने हात वर केला. "तुझ्या जागेला बोट लावलं नाही हं! तुझी तशीच आहे."

हीटरवरचं बिल वाळून कुरकुरीत झालं होतं. कोरीनने ते उगाच उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं.

त्या जागा बर्नीने घेतल्या होत्या. आईवडिलांना लागून दोन, मॅपलच्या झाडाखाली, कॅझचा कारखाना सुरळीत चालू असताना. तेव्हा कॅझ तिची चेष्टा करायचा, की बाई, तुला मरणाची एवढी घाई का. आणि मग एका रविवारी स्वतःच तिथे गवतावर आडवा पडून म्हणाला होता, उतार चांगला आहे, पाणी साचणार नाही.

"कोणाला विकलीस?"

कॅझने डचकडे पाहिलं. डचने दाराकडे पाहिलं.

"नॉर्बला."

"आपल्या नॉर्बला? शेजारच्या?"

"तो शोधतच होता."

नॉर्बर्टने बारा वर्षांपूर्वी त्यांचं बर्फ उडवायचं यंत्र एका दिवसासाठी नेलं होतं. ते अजून त्याच्याच गॅरेजमध्ये होतं. तो तोंडात घास ठेवून बोलायचा, कुंपणावर कोपर टेकून बोलायचा, आणि कोणत्याही विषयावर, मग तो बर्नीच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनचा का असेना, "मी सांगतो ना" अशी सुरुवात करायचा. बर्नीने त्याला अख्ख्या संसारभर सहन केलं होतं ते एकाच आशेवर, की हे कधीतरी संपेल.

"म्हणजे मी तिथे निजणार," ती सावकाश म्हणाली, "एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला नॉर्ब."

"मॅपलच्या सावलीत."

"आणि तू?"

"तिकडे अस्थी ठेवायच्या भिंती असतात. कप्पे कप्पे. छान असतात, बर्नी. आत एसी आहे."

कोरीनने डोळे मिटून घेतले.

बर्नी ओरडेल, असं दोघांनाही वाटलं असणार. ती ओरडली नाही. तिला संताप आलाच होता, पण त्याच्या खाली काहीतरी गार लागत होतं, आणि ते तिला संतापापेक्षा नकोसं वाटलं. या माणसाने कुत्र्याचा विचार केला, अकॉर्डियनचा केला, काढून टाकलेल्या दाढेचासुद्धा केला. तिने कोटाचं वरचं बटण लावलं.

"कोरीन, माझ्या नावापुढे काय लिहिलंयस?"

"दोघंही अनिवासी. कॅझने फोनवर सांगितलं तसं."

"मला कोणी विचारलं?"

कोरीनने चष्मा काढून पुसला. "नाही. विचारायला हवं होतं."

"मग आता विचार."

"बर्नाडेट," कोरीनचा आवाज शाळेत उत्तर देताना व्हायचा तसा झाला, "कुठेही गेलीस, तरी परत कुठे यायचं असं तुझ्या मनात असतं?"

"इथे. तसं लिही."

"अगं, असं कसं?" कॅझ खुर्चीतून अर्धवट उठला. "एका घरातली दोन माणसं दोन राज्यांची कशी असतील?"

"असतात," कोरीन म्हणाली. "दोघांचे रिटर्न वेगळे भरायचे. कायद्याची हरकत नाही."

"पण बायको इथली म्हटल्यावर मला तिकडचा कोण मानेल? माझं सगळंच गोत्यात येईल!"

"ते तू आणि न्यूयॉर्क बघून घ्या," बर्नी म्हणाली आणि डचची साखळी उचलली.

कोरीनने सगळे कागद गोळा करून खोक्यात भरले आणि खोका कॅझच्या छातीशी दिला. "सोमवारी या. आणि काहीही विकू नका तोवर."

शुक्रवार होता, ईस्टरआधीचे लेंटचे उपास चालू होते, आणि भांडण असो नसो, शुक्रवारचा तळलेला मासा चर्चच्या तळघरातच खायचा असतो.  गाडीत डच मागच्या सीटवर, खिडकीच्या फटीतून येणाऱ्या गार वाऱ्याला नाक लावून बसला होता. इतका सुखी तो फ्लोरिडात एकदाही दिसला नव्हता.

तळघरात तेलाचा आणि कोबीच्या कोशिंबिरीचा वास भरला होता. रांग जिन्यापर्यंत आली होती. ती दोघं अजून ताटल्यांपर्यंत पोचलीही नव्हती, तोच कोपऱ्यातल्या टेबलावरून हाक आली.

"बर्नी! ये इकडे! तुझी जागा धरून ठेवलीय माझ्या शेजारी!"

नॉर्बच्या तोंडात मासा होता. त्याने शेजारच्या खुर्चीवर थापट्या मारल्या. चारपाच टेबलं वळून बघायला लागली.

बर्नी जागची हलली नाही. तिने फक्त कॅझकडे पाहिलं. इतका वेळ आवरून धरलेलं तिच्या डोळ्यांत आलं, आणि ते पुसायला तिने हात वर केला नाही.

कॅझने काखेतला खोका तिच्या हातात दिला आणि तो नॉर्बच्या टेबलाकडे गेला.

तिला ऐकू काही येत नव्हतं. नॉर्बने मान हलवली. कॅझ त्या धरून ठेवलेल्या खुर्चीवर बसला. नॉर्बने काटा नाचवत मोठं भाषण केलं. त्याची सुरुवात काय असणार, ते तिला ठाऊक होतं. कॅझ ऐकत राहिला. मग टेबलावर पुढे झुकून तो काहीतरी बोलला, बराच वेळ बोलला, आणि शेवटी दोघांनी हात मिळवले. तोवर बर्नीने दोन ताटल्या घेतल्या होत्या आणि भिंतीकडचं टेबल गाठून खोका समोरच्या खुर्चीखाली सरकवला होता.

कॅझ समोर येऊन बसला. त्याचे कान लाल झाले होते.

"देतोय परत."

तिने माशावर लिंबू पिळलं.

"आधी नाहीच म्हणत होता. सावली आवडली म्हणे. आणि शेजार चांगला आहे म्हणे."

"असं म्हणाला?"

"म्हणाला. बदल्यात बर्फाचं यंत्र मागितलं."

"ते त्याच्याकडेच आहे."

"आता त्याचं झालं. रीतसर."

बर्नीने पावाला लोणी लावलं. शेवटपर्यंत, कडा न सोडता लावलं. मग विचारलं, "आणि हिवाळ्यात दारातला बर्फ कोण काढणार? नॉर्ब येणार आहे का?"

कॅझने खुर्चीखालून खोका ओढला, दाढेचं बिल काढलं आणि त्याला हाताची बोटं पुसली.

"फावडं आहे ना गॅरेजमध्ये," तो म्हणाला. "का तेही त्याने नेलंय?"