बेचाळिसावं डोकं

उंतोनं पाय मोडला तो काही तळ्याच्या बर्फावर नव्हे. बर्फावर मोडला असता तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, तीन पायऱ्या, त्यांच्यावर सांडून गोठलेलं पाणी, आणि अंगावर एक टॉवेल. एवढ्या सामानानिशी तो फेब्रुवारीत घसरला आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालून घरी आला. तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीत खुर्ची टाकून, दुर्बीण डोळ्यांना लावून तो गोठलेल्या तळ्याकडं बघत बसायचा. चिडला असता तर त्याच्या बायकोला, केर्त्तूला, परवडलं असतं. पण तो चिडतही नव्हता, नुसता बघायचा, आणि ते तिला सोसवेना.

दुखणं पायाचं नव्हतंच, भिंतीचं होतं. सरपणाच्या खोपटाच्या बाहेरच्या भिंतीवर पाईक माशाची एकेचाळीस डोकी ठोकलेली होती, वाळून खडखडीत झालेली, जबडे उघडे, प्रत्येकाखाली लाकडात साल कोरलेलं. एका हिवाळ्याचं एक डोकं, त्या वर्षीच्या सगळ्यांत मोठ्या पाईकचं. नियम उंतोनंच घातलेला: मासा ह्याच तळ्यातला हवा, बर्फाखालचा हवा आणि ह्याच घरच्या हातानं काढलेला हवा. दर शरदात तो नवा खिळा ठोकून ठेवायचा आणि मार्चअखेर त्या खिळ्यावर डोकं चढायचं. लग्न करून केर्त्तू ह्या घरात आल्यापासून एकही खिळा रिकामा गेला नव्हता. सगळ्या डोक्यांची तोंडं तळ्याकडं, फक्त चौथ्याचं घराकडं. केर्त्तूनं फार पूर्वी एकदा विचारलं होतं, तर "ठोकताना फिरलं असेल" म्हणाला. तिनंही तो विषय तिथंच सोडला.

आता ह्या पाईकांना शिजवलं कुणी? केर्त्तूनं. तीस वर्षं ती गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. पाईकचा प्रत्येक दुबेळकी काटा तिला घरच्या चमच्यांसारखा ओळखीचा. पण तो पाण्यातून वर येतो कसा, हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात "मी पण येऊ?" म्हणून तिनं विचारलं होतं. उंतो म्हणाला होता, "तुला थंडी वाजेल." दुसऱ्या वर्षी तिनं विचारलं नाही आणि त्याला सुचलं नाही. अशी एकेचाळीस वर्षं गेली, भांडण न होता.

मार्चचा शेवटचा आठवडा लागला. छपरावरचा बर्फ धबाधब खाली येऊ लागला, काठाशी पाणी साचू लागलं. रविवारपासून तळ्यावर पाऊल टाकू नका, असं रेडिओवाला सांगत होता. शुक्रवारी सकाळी उंतो दुर्बीण न काढताच म्हणाला, "झालं. यंदा खिळा रिकामा."

"मी जाते," केर्त्तू म्हणाली.

"कुठं?"

"पिठाच्या गिरणीत. कुठं म्हणजे काय, बर्फावर."

उंतो हसला. महिन्याभरात पहिल्यांदाच हसला. मग वळून बघतो तर बायकोनं त्याची कापूस भरलेली विजार चढवलीसुद्धा होती. त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

"अगं, गळ कुठला न् तार कुठली, एवढं तरी ठाऊक आहे का तुला?"

"इतक्या पाईकांच्या घशातून गळ मीच काढलेत. मला नको सांगूस."

मग बिचाऱ्यानं कागद-पेन्सिल घेऊन चित्रं काढून सगळं समजावलं. चार भोकं पाडायची, प्रत्येकात एक जिवंत छोटा मासा गळाला लावून सोडायचा, दोरीच्या टोकाला पोलादी तार हवीच, नाहीतर पाईक दातांनी दोरी कातरून जातो. भोकाशी काठी रोवायची, तिला लाल फडकं. माशानं ओढलं की फडकं वर. सगळं सांगितलं, फक्त गिरमिटाचं राहिलं. खोपटात बर्फाला भोक पाडायची दोन गिरमिटं टांगलेली होती, एक जाड आणि जड, एक बारीक आणि हलकं. केर्त्तू चौसष्ट वर्षांची बाई. तिनं हलकं उचललं. आपण कुणीही तेच उचललं असतं.

बर्फ फुटला तर रोवून वर यायला गळ्यात टोचे अडकवले, घसरगाडीवर सामान आणि छोट्या माशांची बादली बांधली, कॉफीचा थर्मास घेतला, काळा पाव आणि सॉसेज घेतलं, आणि भोकातला बर्फाचा चुरा काढायला शाळेच्या मुदपाकातला आपला जुना झारा घेतला. तळ्याच्या मध्यावर शेजारचा तौनो आपल्या खोक्यावर बसला होताच. बहात्तर वर्षांचा बाप्या, डिसेंबर ते मार्च त्याचा मुक्काम तिथंच.

आता इथला एक शिष्टाचार असा, की मासा कुठं लागतो हे कुणी कुणाला विचारत नाही, आणि विचारलंच तर खरं सांगत नाही. एकूणच ह्या मुलखातली माणसं अशी बोलतात, की बोलणारा मोकळा आणि जबाबदारी ऐकणाऱ्याच्या गळ्यात. केर्त्तू मूळची समुद्रकाठची, तिकडं हो म्हणजे हो. इतकी वर्षं इथं काढून तिची ती खोड गेली नव्हती. तिनं सरळ विचारलं, "तौनो, पाईक कुठं लागतो रे?"

तौनोनं टोपी मागं सारली. भर देवळात कुणी वय विचारावं तसं त्याला झालं. बराच विचार करून तो म्हणाला, "तळ्यात लागतो, असं लोक म्हणतात, बाई. बर्फाच्या खालच्या अंगाला."

"उपकार झाले."

"मालकीणबाईंसाठी काय पण."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. खिडकीतून उंतो. "तौनो ऐकतोय का?"

"कान टवकारून ऐकतोय."

"मग जागेचं नाव घेऊ नकोस. ऐक. पहिल्या उन्हाळ्यात माझी टोपी उडाली होती, आठवतं? तू वल्हं मारत होतीस."

"मी मारत होते, कारण तू नुसता माझ्याकडं बघत होतास."

उंतो खाकरून म्हणाला, "ते राहू दे. टोपी बुडाली, तिथं."

केर्त्तूचे कान तापले. चौसष्टाव्या वर्षी भर बर्फात बाईला लाजायला झालं. टोपी बुडाली होती ती गालिचे धुवायच्या धक्क्यासमोर, बोरूचं बेट संपतं आणि तळ एकदम खोल जातो तिथं. नावेतून जाताना उंतो दर खेपेला त्या जागी मान वळवून बघायचा. तो आपली आठवण काढतो, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. मेला, पाईक शोधत होता.

तिनं चार भोकं पाडली. हलकं गिरमिट कसं लोण्यात फिरावं तसं फिरलं. झाऱ्यानं चुरा काढला, मासे सोडले, काठ्या रोवल्या. मग घसरगाडीवर बसून कॉफी ओतली. आणि तिला समजलं.

ऊन असं पडलं होतं की तिनं टोपी काढली, मग मफलर काढला. खाली कुठंतरी बर्फ गुरगुरला आणि गप्प झाला. कुणाचं दूध उतू जात नव्हतं, कुणाची घंटा होत नव्हती, समोर चार लाल फडकी आणि त्यांच्याकडं बघणं एवढंच काम. दर मार्चमध्ये हा माणूस लाल नाक घेऊन गुणगुणत घरी का येतो, हे तिला एकेचाळीस वर्षांनी उमगलं. तिला आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग चांगलाच रागही आला. एवढं सुख एकट्यानं खाल्लंस होय रे, असं ती मनात म्हणाली आणि सॉसेजचा मोठा घास घेतला.

घास तोंडात असतानाच दुसऱ्या भोकाचं फडकं उठलं. पाठोपाठ फोन. "उठलं बघ, उठलं."

"दिसतंय. आंधळी नाहीये मी," ती धावताधावता म्हणाली.

"लगेच ओढू नकोस. आधी तो आडवा धरेल, मग थांबेल. निघाला की ओढ."

तिनं फोन कानाशी बर्फावर ठेवला आणि गुडघे टेकले. दोरी सरसर गेली, थांबली. पुन्हा हलली. केर्त्तूनं ओढलं आणि पलीकडून कुणीतरी तिलाच ओढलं. दहा मिनिटं ती घेत होती आणि तो नेत होता. हातमोजे भिजले, केस सुटले, तोंडानं काय काय बोलली ते शाळेतल्या पोरांनी ऐकलं असतं तर त्यांना गंमत वाटली असती. शेवटी काळंहिरवं मुस्कट भोकाखाली आलं, बर्फाला थाडकन आपटलं आणि तिथंच अडकलं.

"काय झालं?" फोन ओरडला. "बोल ना."

"मावत नाही."

"काय मावत नाही?"

"डोकं. भोकात."

उंतोनं बारीक आवाजात विचारलं, "कुठलं गिरमिट नेलंस?"

"हलकं."

"अगं ते बोटभर माशांचं आहे."

"हे सांगायचं राहिलं वाटतं," केर्त्तू म्हणाली. बोलली ताठ्यात, पण दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरून. रविवारी तळं बंद. हा सुटला तर दुसरा येईलच असं नाही, आणि तिकडं तो खिळा. तिनं पोटावर पडून दोरी मनगटाला गुंडाळली आणि तौनोला हाक मारली.

तौनो आला. बहात्तर वर्षांचा माणूस नमद्याचे बूट घालून पहार घेऊन धावत आला, हे तळ्यानं प्रथमच पाहिलं असेल. वाकून त्यानं भोकात डोकावलं आणि शीळ घातली.

"धर जरा दोरी, माझा हात बधिर झालाय," केर्त्तू म्हणाली.

"छे. दोरीला मी हात लावणार नाही. घरचाच हात हवा. मी फक्त बर्फ फोडतो."

"आमचा नियम तुला काय ठाऊक?"

"मला नसेल तर कुणाला असेल? एकदा मीच मोडलाय तो. दोरी डावीकडं घ्या, मालकीणबाई."

ते काय म्हणाला ह्याचा विचार करायला वेळ नव्हता. तौनो पहारेनं भोकाची कड थोडी थोडी तासू लागला. फोनमधून उंतो सूचनांचा भडिमार करत होता, पहार कुठं घाल, कुठं घालू नको, दोरी तुटली तर शेजारी म्हणून नाव घेणार नाही. तौनो वाकून फोनला म्हणाला, "मालक, पाय वर घ्या आणि गप बसा."

शेवटचा ढलपा उडाला. आता दोरी ओढावी तर तुटायची भीती. केर्त्तूनं बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. कल्ल्याच्या झाकणाखाली जिथं दात नाहीत तिथं बरोबर बोटं गेली. ती जागा तिला पाठ होती, इतक्या वेळा ओट्यावर धरलेली. आणि तिनं त्याला उपसून काढला.

मीटरभराहून लांब होता. बर्फावर दोनदा उसळला. तौनोनं डोक्यात एक घाव घातला आणि तो निवांत झाला. केर्त्तू त्याच्याशेजारी फतकल मारून बसली. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदमच करू लागली. तौनोनं टोपी काढून हातात धरली.

"एकदा मोडला म्हणजे?" तिनं नाक पुसत विचारलं.

तौनोनं आधी फोनकडं बघितलं. तो केव्हाच बंद पडला होता. मग त्यानं ह्या मुलखातल्या माणसाला जमेल तितकं सरळ सांगितलं. "चौथा हिवाळा. तुम्ही शहरातल्या इस्पितळात होता, लेक सातू पोटात होती तेव्हा. पाच आठवडे. हा सकाळच्या पहिल्या बसनं जायचा, शेवटच्या बसनं यायचा. बर्फावर एक दिवस आला नाही. बर्फ फुटायच्या आदल्या दिवशी मीच एक काढला आणि ठोकून टाकला. मला काय माहीत तोंड कुठं करतात. त्यानं बघितलं, काही बोलला नाही. मीही नाही."

ते पाच आठवडे केर्त्तूला रोज आठवत होते. रोज खाटेशी बसून तिच्या वाटणीची पेज खाणारा उंतो आठवत होता. पण जो माणूस रोज तिथं होता, तो त्याच मार्चात तळ्यावर कसा असेल, हे दोन आणि दोन तिनं कधी जोडले नव्हते. एकेचाळीस वर्षांत ज्या माणसाचा एकही खिळा चुकला नाही म्हणून गाव बोट दाखवायचं, त्यानं तो एकदा चुकवला होता, आणि तो तिच्यापायी. तिला एकदम त्याच्याकडं जायचं झालं.

उंतो कुबड्या घेऊन अंगणापर्यंत आला होता. पाईककडं त्यानं बराच वेळ बघितलं. "बरा आहे," म्हणाला. इथं ह्याहून मोठी शाबासकी नाही.

"डोकं मीच ठोकणार," केर्त्तू म्हणाली.

तिनं ओट्यावर तुकडे केले, डोकं घेऊन भिंतीशी गेली, जबड्यात काटकी अडकवली. उंतो मागून सांगत होता, "तळ्याकडं तोंड कर." तिनं ऐकलं, आणि तोंड घराकडं करून ठोकलं. मग वळून म्हणाली, "ते चौथं बिचारं एकटंच होतं इतकी वर्षं."

उंतोच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्यानं तळ्यावर लांब बसलेल्या तौनोकडं एकदा बघितलं, मग चौथ्या डोक्याकडं, मग बायकोकडं. कुबडी काखेत सावरून त्यानं नाक पुसलं. ते थंडीनं गळत होतं असं तो म्हणाला असता, पण तिनं विचारलंच नाही. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि मासळीचा वास असलेला हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"शरदात दोन खिळे ठोकावे लागतील मग. एक तुझा, एक माझा," तो म्हणाला.

"ठोक," केर्त्तू म्हणाली. "पण मोठं गिरमिट तू उचलायचंस."