झोळीची घुंगरं

अपेक्षानं पोराच्या झोळीला घुंगरं बांधली, ती बैलाच्या गळ्यातली. सासऱ्यांनी बैल विकले तेव्हा माळ तेवढी खुंटीला राहिली होती. युवराज झोपायचा आतल्या खोलीत आणि तिचं काम चालायचं बाहेर, खिडकीपाशी. कुंभारी गावातल्या त्या घरात नेट धड मिळायचं ते तिथंच. पोर जरा हललं तरी कळावं म्हणून तिनं चारी दोऱ्यांत घुंगरं गुंफली. सात महिन्यांच्या लेकराच्या नाकापुढं बोट धरून श्वास बघायची तिची सवय अजून सुटली नव्हती.

सासू दारातनं बघत होत्या. "बैलं सजवायचा बेंदूर कवाच होऊन गेला की गं," दगडाबाई एवढंच म्हणाल्या.

अपेक्षाची कंपनी पुण्याची. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कधी यायचं, तो नंबर फोनवर देणारं ॲप कंपनीनं केलेलं. हंगाम सुरू झाला आणि सकाळी सगळे ड्रायव्हर एकदम नंबर मागायला लागले की ॲप गोगलगाय व्हायचं. वेळ नेमका कुठं जातो हे कुणालाच सापडत नव्हतं. टीमचा मुख्य अजिंक्य. त्यानं ते काम तिच्यावर सोपवलं आणि वर सरळ सांगितलं, "अपेक्षा, आज हे मार्गी लागलं नाही, तर घरून काम बंद. वरच्यांचं म्हणणं आहे, तू पुण्यात टीमबरोबर बसावंस."

पुणे म्हणजे पोराला इथं ठेवून जाणं. नवऱ्याची, कुमारची नोकरी एमआयडीसीतली, त्याला हलता येत नव्हतं. आणि युवराज तर अजून अंगावर पीत होता.

"काय काम हाय असलं?" दगडाबाईंनी ज्वारी निवडता निवडता विचारलं.

"ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात भरलेलं असतं, आत्या. त्याला इमेज म्हणतात. तसले पाहिजे तेवढे डबे चालू करायचे. आता त्या इमेजमध्ये एक एजंट घालायचाय."

"एजंट? मार्केट यार्डातला?"

"तसला नव्हं. कुठलं काम किती वेळ खातंय, ते आत बसून टिपायचं आणि मला कळवायचं."

"म्हंजी चुगलखोर."

"तसंच समजा."

"मग माज्या जावंला बसव की. फुकटात यील."

अपेक्षाला हसू आलं. एजंट घालणं अवघड नव्हतं. इमेज कशी बांधायची त्या फाइलमध्ये चार ओळी वाढवायच्या, एजंटला त्याचं काम समजावायचं. समजावताना मात्र तिनं काहीच सोडलं नाही. आलेली प्रत्येक मागणी टीप, तिच्यातली प्रत्येक पायरी टीप. न जाणो, नेमकी सुटलेलीच चुकीची निघायची. नवी इमेज बांधून झाली आणि तिनं डबे चालू केले.

ॲप आणखी मंदावलं. एक डबा मान टाकून पडला, परत उठला, परत पडला.

"नवी इमेज माघारी घेऊ का?" फोनवर अजिंक्यचा आवाज चढलेला. "काट्यावर लाइन लागलीय."

"थोडा वेळ दे. बघते मी."

"जेवणापर्यंत. मग जुनी इमेज लावतो, आणि तू पुण्याची तयारी कर."

तिनं फाइल वरून खाली वाचली. चूक दिसेना. तेवढ्यात आतनं घुंगरं वाजली, लगेच युवराजचं रडणं. ती धावली, थोपटलं, झोपवलं, परत येऊन बसली. पुन्हा छुमछुम, पुन्हा रडणं. तिसऱ्यांदा ती उठली तेव्हा दगडाबाई आधीच झोळीपाशी पोचल्या होत्या आणि घुंगरं सोडत होत्या.

"आत्या, राहू द्या! मला कळणार कसं?"

"तुला कळावं म्हून लेकराचं डोळं लागंनात. कूस बदलली की खळ्ळकन वाजतंय. जागं व्हतंय ते तुज्या राखणीनंच, आणि तू म्हंतीस रडतंय का."

"एकतरी ठेवा."

"एक ठेवती की. रडलं तर आरडतंयच ते, त्याला काय तोंड न्हाय व्हय?" त्यांनी सगळ्यांत बारकं घुंगरू पायाकडच्या दोरीला ठेवलं आणि बाकीची ओच्यात टाकली.

अपेक्षा उंबऱ्यातच थबकली. डोळे आपोआप खिडकीपाशीच्या स्क्रीनकडं गेले. डब्यात चूक नव्हतीच. ड्रायव्हरनं नुसता नंबर मागितला तरी एजंट त्याची अख्खी हकीकत लिहीत बसत होता, आणि त्या लिहिण्यातच डब्याचा जीव जात होता. चारी दोऱ्यांना घुंगरं!

"आयला," तिच्या तोंडून निघालं. सासूसमोर असं ती पहिल्यांदाच बोलली.

दहा मागण्यांतली एकच टीप, बाकीच्या जाऊ दे, असं मोठ्यानं म्हणत तिनं एजंटला बजावलं. इमेज पुन्हा बांधली, वर पाठवली. जुने डबे एकेक करून उतरले, नवे चढले. आलेखावरची वेळेची रेघ खाली यायला लागली. मग एजंटनं धाडलेलं पहिलं चित्र उघडलं, आणि वेळ दाखवणारा एक लांबलचक पट्टा सगळ्या पायऱ्यांवर आडवा पसरलेला दिसला. कुणीही नंबर मागितला की ॲप गेल्या हंगामातल्या सगळ्या गाड्यांच्या नोंदी उपसून काढत होतं. गरज नसताना. दर वेळी.

"सापडलं!" तिनं फोनवर सांगितलं. "चित्र पाठवलंय, बघ."

पलीकडं कीबोर्ड वाजला. "अगं, ही जुन्या गाड्यांची अट आपणच काढायची विसरलो होतो की." अजिंक्य हसायला लागला. "काढतो आत्ता." आणि थोड्या वेळानं, "पळतंय गं ॲप! बस तू कुंभारीतच. वर मी बोलतो."

तिनं फोन ठेवला. दगडाबाईंनी भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढं सरकवलं. कितीतरी दिवसांनी तिला घासाची चव लागली.

आत सगळं शांत होतं. घुंगरू वाजत नव्हतं. दुसरा घास हातात धरून तिनं कान टवकारले, मग हळूच उठली, झोळीत वाकून युवराजच्या नाकापुढं बोट धरलं. उबदार वारा. ती परत येऊन बसली.

"दहातनं एकदा बगायचं ठरलंय न्हवं?" दगडाबाईंनी भाकरी मोडत विचारलं. "मग हे कितवं?"

"पहिलंच," अपेक्षा म्हणाली आणि दही वाढून घेतलं.