पांढऱ्या चादरीचा मोदक

जुईच्या पत्राला मी सात महिने उत्तर दिलं नाही. ते शब्दकोशात ठेवलं होतं. रोज काढायचो, वाचायचो, पुन्हा ठेवून द्यायचो.

जुई ही वंदनाची मुलगी. पूर्वी त्या दोघी इथे हिंदी मुलखात, अवधपुरी वस्तीत आमच्या शेजारी राहत. जुई अकरा वर्षांची असताना मंडळाच्या गणेशोत्सवासाठी मी मुलांचं नाटक लिहिलं आणि त्यात तिला मोदक केलं. वंदनानं जुन्या पांढऱ्या चादरीला कळ्या पाडून वेष शिवला. उंदीर तिच्याभोवती फिरून विचारायचा, "बाप्पा, याला मी खायचं, की यानं मला?" लोक पोट धरून हसले. माझ्या लिखाणाला तोवर कुणी हसलं नव्हतं. पुढे कित्येक महिने सगळे तिला मोदक म्हणत, आणि मला आपलं बरं वाटे.

पत्र पुण्याच्या वसतिगृहातून आलं होतं. ती पोळीचे तुकडे मोजून खाते, उरलेली रुमालात लपवते, कधी खाल्लेलं ओकून टाकते. आरशात अजून ती चादरच दिसते. एका वाक्यानं असा आजार होत नाही, असं डॉक्टरबाई म्हणतात; पण मनात अडकलेलं विचारून टाक, असंही म्हणतात. म्हणून विचारते, काका, ते वाक्य तुम्ही मला बघून लिहिलं होतं का?

दुपारी डोळा लागला की स्वप्न पडे. रिकाम्या सभागृहात जुई एकेक कळी उलगडतेय. चादर संपत नाही, तलावावरच्या धुक्यासारखी खुर्च्यांवरून पसरत जाते. कुणीतरी हसत असतं. जाग येता येता कळे, की तो मीच.

परवा त्या दोघी बिट्टन मार्केटात भेटल्या. वंदना आता बाग सेवनियात राहते; जुई सुट्टीला आली होती. वंदना मटारवाल्याशी हिंदीत घासाघीस करत होती. जुई उन्हातही स्वेटर घालून उभी होती. मनगटं एवढीशी.

"काका, पत्र पोचलं होतं ना?"

मी हो म्हणालो.

"उत्तर आलं नाही, तेव्हाच समजले. एवढी हास्यास्पद दिसायचे ना मी?"

ती टोमणा मारत नव्हती, मटारच्या शेंगांवरून बोट फिरवत होती. मी पिशवी सावरत राहिलो आणि घरी आलो.

चार कागद फाडले. त्यांत मी फार छान लिहिलं होतं. पाचव्यावर एवढंच लिहिलं:

"जुई, हो, तुला बघूनच लिहिलं. तालमीत तू गाल फुगवून हसायचीस. ते मला फार गोड वाटायचं. तसं लिहायला मी लाजलो, आणि लोक हसतील असं लिहून मोकळा झालो. तू हास्यास्पद दिसत नव्हतीस. चूक माझी होती. गप्प राहिलो तेही भ्यालो म्हणून. मला क्षमा करायलाच हवी असं नाही."

चौकातल्या लाल पेटीत पाकीट टाकलं. पडल्याचा आवाज आला नाही. मी फटीत बोटं घालून पाहिली. हाताला काही लागलं नाही; पाकीट आता परत घेता येणार नव्हतं.