डावी कूस

जेवण झालं, हात धुतले आणि अच्युतराव भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. सुधाताई दाराशीच थबकल्या.

देवळीच्या शाळेत कारकुनी करून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने आयुष्यात बंड असं केलं नव्हतं. जेवल्यावर डाव्या कुशीवर झोपायचं, हे तर त्यांनी सरकारी परिपत्रकासारखं पाळलेलं. त्या कुशीला सुधाताई असत. बायकोची जागा डावीकडे, असं सासूबाईंनी लग्नातच बजावलं होतं.

"इकडं पाठ काऊन?"

"गरम होते."

पंखा सुधाताईंच्या बाजूला होता.

हे ऐकून शेजारच्या शोभाबाई म्हणाल्या, "या वयात माणसाईले बाहेरचं वारं लागते, सुधाताई. मोबाईल पाहून घेजा."

मोबाईलमध्ये गॅसचे मेसेज आणि पुण्याहून मुलाचे सुप्रभात, बस. सुधाताईंचा संशय दुप्पट झाला. इतका स्वच्छ मोबाईल कोणाचा असतो?

मग अच्युतराव गुडघ्यांत उशी धरून झोपू लागले. सकाळी खोलीचं दारही लावू लागले. चौथ्या दिवशी सुधाताईंनी न ठोठावता दार ढकललं. अच्युतराव कपाटाला धरून, दात आवळून, अर्धे खाली वाकत होते आणि उठत होते.

"हे काय करून राह्यले?"

"व्यायाम. वर्ध्याले डॉक्टरकडं गेलतो."

"तुम्ही तर बँकेत गेलते."

"खोटं सांगितलं." ते खुर्चीवर टेकले. "डाव्या खुब्याच्या बाहेरून दुखते. त्या कुशीवर झोपलो की कळ येते, जिना चढलो तरी येते. बाबा खुबा मोडून खाटेवरूनच गेले. वाटलं, आपलाही नंबर लागला."

"अन् डॉक्टर?"

"म्हणे सांधा चांगला आहे. बाहेरच्या हाडाले स्नायूची दोरी चिकटते, ती चिडली. एका पायावर उभं केलं, एका जागी बोट दाबलं. हाडाचा फोटोही साफ निघाला."

"औषध?"

"त्या कुशीवर झोपू नका, पायावर पाय टाकून बसू नका, रोज व्यायाम करा. काही महिने लागतीन म्हणे."

"इंजेक्शन?"

"आत्ता नाई म्हणे."

इंजेक्शन न देणारा डॉक्टर सुधाताईंना पटेना. "दाखवा कुठं दाबलं ते."

त्यांनी बोटाने दाखवलं. सुधाताईंनी तिथे अंगठा रोवला. अच्युतरावांनी आईचं नाव घेत कपाट धरलं. आता सुधाताईंची खात्री पटली.

"मले काऊन नाई सांगितलं?"

"घाबरली असती."

"अन् पाठ पाहून मी काय नाचत होती?"

अच्युतराव पुन्हा कपाट धरून वाकू लागले.

दुपारी सुधाताई आपली उशी घेऊन पलंगाच्या पलीकडच्या, भिंतीकडच्या अंगाला चढल्या.

"अवं, ते तुयी बाजू नाई."

"सासूबाई पाहाले येत नाईत. सरका."

अच्युतराव उजव्या कुशीवर वळले, बायकोकडे तोंड करून. सुधाताईंनी त्यांच्या गुडघ्यांत उशी सारली. संसारभर उशीत दबलेला डावा गाल आज वर आला होता. सुधाताई तो इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होत्या.

"काय पाहून राह्यली?"

"काई नाई. झोपा तुम्ही."

तो गाल दुसऱ्यापेक्षा जास्त थकलेला होता.